गोळी सुरू केली तर नाव एफबीआयकडे जातं का? अमेरिकेतले मानसिक उपचार, हिपा आणि बंदुकीची तपासणी

मध्यंतरी रात्री साडेदहाला ओळखीतल्या एका काकांचा फोन आला. मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. तीन आठवडे धड झोप नाही, जेवण नाही, वर्गात जाणंही बंद. कॉलेजच्या समुपदेशकांनी मनोविकारतज्ज्ञांना दाखवा म्हणून सांगितलं होतं, अपॉइंटमेंटही मिळाली होती, पण काका ती रद्द करायच्या विचारात होते. "गोळी सुरू केली की तिचं नाव एफबीआयकडे जातं म्हणे. हिपा, तो आरोग्याच्या माहितीच्या गोपनीयतेचा कायदा, बदललाय, आता डॉक्टर सगळं कळवतात. पुढे नोकरीत अडलं तर?"

त्यांना दिलेलं उत्तर आधी सांगते: डॉक्टरकडे गेल्याने, गोळी घेतल्याने, थेरपी सुरू केल्याने कुणाचंही नाव एफबीआयच्या बंदूक-तपासणीच्या यादीत जात नाही. स्वतःच्या मर्जीने रुग्णालयात दाखल झाल्यानेही केंद्रीय कायद्यानुसार जात नाही. नाव जातं ते न्यायालयाने किंवा तसा अधिकार असलेल्या मंडळाने माणसाविरुद्ध औपचारिक निर्णय दिला तर. काही राज्यांचे कायदे याहून कडक आहेत, त्यांच्याबद्दल पुढे लिहिलंय. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांना यातला फरक कळला नाही, तर ज्यांना उपचारांची खरी गरज आहे तेच मागे राहतात, आणि हे मला बघवत नाही.

हा गैरसमज आला कुठून

१९६८च्या केंद्रीय कायद्याने काही गटांना बंदूक बाळगायला बंदी केली. त्यातला एक गट असा: ज्यांना अधिकृतपणे "मनोदुर्बल" ठरवलं गेलंय, किंवा ज्यांना मनोरुग्णालयात सक्तीने पाठवलं गेलंय. हा शब्द आज कानाला बोचतो, पण कायद्याच्या पुस्तकात तो अजून तसाच आहे. १९९३मध्ये बंदूक विकण्याआधी खरेदीदाराची तपासणी सक्तीची करणारा ब्रेडी कायदा झाला, आणि ३० नोव्हेंबर १९९८पासून एफबीआयची तपासणी यंत्रणा सुरू झाली. तिला सगळे निक्स म्हणतात. परवानाधारक दुकानात बंदूक घ्यायला गेलं की ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरायचा, दुकानदार तपासणीला नाव पाठवतो, आणि "द्या", "थांबा" किंवा "नाही" असं उत्तर येतं. आपल्याकडे शस्त्र परवान्यासाठी जिल्हाधिकारी कचेरी किंवा पोलीस आयुक्तालयाचे खेटे घालावे लागतात. इथे बऱ्याच राज्यांत ही एक तपासणी हाच काय तो उंबरठा.

तो उंबरठा किती पोकळ होता ते १६ एप्रिल २००७ला कळलं. व्हर्जिनिया टेक विद्यापीठात एका विद्यार्थ्याने ३२ जणांना ठार मारलं. मुंबईहून वास्तुशास्त्र शिकायला गेलेली एक मुलगी त्यांत होती, भारतातून आलेले एक प्राध्यापकही होते. डिसेंबर २००५मध्ये विशेष न्यायाधीशांनी या विद्यार्थ्याला स्वतःच्या जिवाला धोका असल्याचं ठरवून उपचारांचा आदेश दिला होता. पण आदेश बाह्यरुग्ण उपचारांचा होता, रुग्णालयात ठेवण्याचा नव्हता, म्हणून राज्याने तो निक्सला कळवलाच नाही. त्याने दोन पिस्तुलं रीतसर तपासणी होऊन विकत घेतली. त्यानंतर ८ जानेवारी २००८ला नवा कायदा झाला. राज्यांनी अशा नोंदी पाठवाव्यात म्हणून त्यांना अनुदान देण्याची सोय त्यात होती. ज्यांचा हक्क गेला त्यांना तो परत मागता यावा ही अटही त्यात घातली होती.

तरी बरीच राज्यं म्हणत राहिली, "हिपा आड येतो." हिपा म्हणजे आरोग्यविषयक माहितीच्या गोपनीयतेचा केंद्रीय कायदा. तो १९९६चा, पण त्याचे गोपनीयतेचे नियम एप्रिल २००३पासून बंधनकारक झाले. डिसेंबर २०१२मध्ये सँडी हूकच्या शाळेत लहान मुलं मारली गेली, आणि त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्याने हा प्रश्न हातात घेतला. ६ जानेवारी २०१६ला हिपात एक छोटी दुरुस्ती प्रसिद्ध झाली, ५ फेब्रुवारीला ती लागू झाली. काकांनी ऐकलेलं "हिपा बदललाय" हा याच दुरुस्तीचा विपर्यास होता.

या दुरुस्तीने मुभा दिली ती मोजक्या संस्थांना: ज्यांच्याकडे रुग्णालयात सक्तीने दाखल करण्याचा निर्णय घेण्याचा कायदेशीर अधिकार आहे, किंवा ज्यांना राज्याने अशा नोंदी गोळा करायला नेमलंय. तुमचा फॅमिली डॉक्टर, तुमचा थेरपिस्ट, कोपऱ्यावरचं क्लिनिक यांत येत नाहीत. शिवाय ही मुभाच आहे, हिपाने कुणावर सक्ती केलेली नाही. आणि खुद्द न्यायालयांना हिपा मुळात लागूच होत नाही, त्यामुळे न्यायालयातून जाणाऱ्या नोंदींसाठी या दुरुस्तीची गरजही नव्हती.

यादीत काय असतं

नाव, जन्मतारीख, लिंग अशी ओळख पटवणारी माहिती, कोणत्या कलमाखाली बंदी आहे त्याचा संकेत, नोंद पाठवणाऱ्या कार्यालयाचं नाव आणि त्यांचा नोंद क्रमांक. एवढंच. आजाराचं नाव नाही, औषधं नाहीत, डॉक्टरांचं टिपण नाही. २०१६च्या दुरुस्तीत निदान आणि उपचारांची माहिती पाठवायला स्पष्ट मनाई आहे. दुकानदाराला तर कारणही कळत नाही, फक्त "नाही" कळतं. खरेदी मंजूर झाली तर त्या माणसाची ओळख सांगणारी तपासणीची माहिती २४ तासांत पुसून टाकावी लागते. नोकरी देणाऱ्या कंपनीला ही यादी उघडता येत नाही. यंत्रणेचा गैरवापर केला तर १०,००० डॉलरपर्यंत दंड आहे.

पहिली पायरी: आपलं प्रकरण कुठे बसतं ते पाहा

कागद-पेन घ्या आणि स्वतःला किंवा घरच्या माणसाला एकच प्रश्न विचारा: कुठल्या न्यायाधीशाने, मंडळाने किंवा अधिकाऱ्याने लेखी आदेश दिला होता का?

नसेल, तर केंद्रीय बंदी बहुतेक लागू नाही. मर्जीने दाखल होणं आणि फक्त निरीक्षणासाठी ठेवलं जाणं या दोन्ही गोष्टी केंद्राच्या व्याख्येतून नाव घेऊन वगळल्या आहेत. आत्महत्येच्या विचारांबद्दल डॉक्टरांशी बोलणं, नैराश्याचं किंवा द्विध्रुवी आजाराचं निदान, लिथियमसारखं औषध वर्षानुवर्षं घेणं, यांतलं काहीही बंदीचं कारण ठरत नाही.

आदेश असेल, तर तो कसला ते वाचा. सक्तीने दाखल करण्याचा आदेश, स्वतःला किंवा इतरांना धोका असल्याचा अधिकृत निष्कर्ष, स्वतःचे व्यवहार सांभाळायला असमर्थ असल्याचा निर्णय, फौजदारी खटल्यात मानसिक आजारामुळे दोषी नसल्याचा किंवा खटला चालवण्यास असमर्थ असल्याचा निकाल: यांपैकी कशानेही बंदी लागते. व्यसनमुक्तीसाठी न्यायालयाने सक्तीने दाखल केलं असेल तरी लागते. घरातल्या वृद्ध माणसासाठी न्यायालयातून पालकत्व घेणाऱ्यांनी याकडे नीट लक्ष द्यावं. असमर्थतेचा तो निर्णय याच व्याख्येत बसू शकतो, आणि त्या वेळी ही बाजू कुणी सांगत नाही.

एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा व्हिसावर असणाऱ्यांसाठी वेगळंच कलम आहे. त्यांना मानसिक आरोग्याचा संबंध न येताही बंदूक घ्यायला वा जवळ ठेवायला बंदी आहे, वैध शिकार परवान्यासारखे थोडे अपवाद सोडले तर. ग्रीन कार्ड असलेल्यांना हे कलम लागत नाही.

दुसरी पायरी: राज्याचा कायदा स्वतंत्रपणे बघा

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. केंद्राची व्याख्या हा किमान नियम. राज्यं त्यावर आपापली भर घालतात.

न्यू जर्सीत, जिथे एडिसन आणि आसपास आपली एवढी वस्ती आहे, बंदूक खरेदीचं ओळखपत्र घेण्याच्या अर्जात थेट विचारतात की तुम्ही कधी मानसिक आजारासाठी डॉक्टरांकडे, दाखल होऊन किंवा बाहेरून, उपचार घेतले आहेत का. सोबत मानसिक आरोग्याच्या नोंदी तपासायला संमती देणारा वेगळा फॉर्मही भरावा लागतो. "हो" लिहिलं म्हणून अर्ज आपोआप फेटाळला जात नाही, पण कुठे आणि कुणाकडे उपचार घेतले हे सांगावं लागतं. खोटं "नाही" लिहिणं हा गुन्हा आहे, आणि केंद्राच्या ४४७३ फॉर्मवर खोटं लिहिणं तर गंभीर गुन्हा. इथे हिपा मोडला जात नाही, कारण दार तुम्ही स्वतःच्या सहीने उघडता. बंदूक मागितलीच नाही तर हा फॉर्म तुमच्या आयुष्यात येतच नाही.

कॅलिफोर्नियात ५१५० नावाचं कलम आहे: स्वतःला किंवा इतरांना धोका वाटला तर ७२ तासांपर्यंत ताब्यात ठेवून तपासणी. त्याखाली धोका असल्याच्या कारणाने रुग्णालयात दाखल झालं की राज्याच्या कायद्याने ५ वर्षं बंदूक बंद, आणि रुग्णालयाला ते राज्याच्या न्याय विभागाला कळवावंच लागतं. वर्षभरात पुन्हा तसं झालं तर बंदी आजन्म होऊ शकते. केंद्राच्या दृष्टीने हे निरीक्षण, कॅलिफोर्नियाच्या दृष्टीने बंदी. घरी सोडताना रुग्णालयाने ही बंदी उठवण्यासाठी सुनावणी मागण्याचा फॉर्म द्यायचा असतो. तो फाइलमध्ये जपून ठेवा.

इलिनॉयमध्ये बंदुकीसाठी लागणाऱ्या फॉइड कार्डाला गेल्या ५ वर्षांतलं मनोरुग्णालयातलं वास्तव्य आड येतं, मर्जीने दाखल झालेलं असलं तरीही. न्यूयॉर्कमध्ये २०१३च्या कायद्याने थेरपिस्ट आणि डॉक्टरांवर एक जबाबदारी टाकली: रुग्ण स्वतःला किंवा इतरांना गंभीर इजा करण्याची शक्यता वाटली तर कळवायचं. नुसत्या निदानावरून नव्हे, धोका दिसला तरच.

तिसरी पायरी: इमर्जन्सी रूममध्ये काय विचारायचं

घरातलं माणूस कोसळलेलं असतं, रात्रीचे दोन वाजलेले असतात आणि समोर क्लिपबोर्ड येतो. हे क्षण पुढच्या कितीतरी गोष्टी ठरवतात.

पहिला प्रश्न विचारा: "दाखल मर्जीने करताय की सक्तीने?" माणूस समजून-उमजून सही करू शकत असेल आणि डॉक्टरांना ते सुरक्षित वाटत असेल, तर मर्जीने दाखल होण्याची मुभा मागा. मर्जीने दाखल झालेला रुग्ण लगेच उठून घरी जाऊ शकतो असं मात्र समजू नका. घरी जायचं म्हटलं तरी राज्याने ठरवून दिलेल्या तासांपर्यंत रुग्णालय थांबवू शकतं, आणि धोका वाटला तर न्यायालयात अर्जही करू शकतं.

सक्तीने दाखल करण्याचा अर्ज झालाच, तर सुनावणीची तारीख लिहून घ्या आणि वकील मागा. पैसे नसले तरी राज्याकडून वकील मिळतो. सुनावणीआधी माणूस बरा होऊन मर्जीने दाखल व्हायला तयार झाला तर पुष्कळदा अर्ज मागे घेतला जातो, आणि मग केंद्रीय बंदी आणणारा आदेश निघतच नाही. हे मी कुणाला पळवाट म्हणून सांगत नाही. माणूस खरंच धोक्यात असेल तर आधी त्याला वाचवायचं, कागद नंतर.

दुसरा प्रश्न भाषेचा. भारतातून आलेल्या आईवडिलांच्या बाबतीत हे फार होतं. मुलगा दुसऱ्या शहरात, आई इमर्जन्सीत घाबरलेली, इंग्रजी तुटक, आणि "येस, येस" म्हणत सही करते. सरकारी पैसा घेणाऱ्या रुग्णालयाला मोफत, प्रशिक्षित दुभाषी द्यावा लागतो. "मराठी दुभाषी हवा" असं स्पष्ट म्हणा, फोनवरूनही मिळतो. मुलं किंवा शेजारी यांना दुभाषी करू नका. आईने "जीव नकोसा झालाय" म्हटलं तर तो थकल्याचा सुस्कारा आहे की खरा इरादा, हे प्रशिक्षित माणूस नीट विचारून घेतो. शब्दशः भाषांतर करणाऱ्या भाच्यामुळे तिला ७२ तास ठेवून घेतलं जाऊ शकतं.

चौथी पायरी: आपले कागद मागवा

घरी आल्यावर, मन थोडं ताळ्यावर आलं की हे काम करा. हिपाने तुम्हाला स्वतःच्या नोंदी बघण्याचा हक्क दिलाय. लेखी मागणी केल्यावर ३० दिवसांत प्रत मिळायला हवी, फार तर आणखी ३० दिवसांची मुदतवाढ एकदा घेता येते. मागणीत मर्जीने दाखल की सक्तीने त्याची नोंद, डिस्चार्ज समरी आणि कायदेशीर कागद यांचा वेगळा उल्लेख करा. थेरपिस्टने स्वतःसाठी वेगळी ठेवलेली टिपणं मात्र या हक्कात येत नाहीत. त्यांना जास्तीचं संरक्षण आहे, आणि तुमच्या लेखी संमतीशिवाय ती सहसा दुसऱ्या कुणालाही देता येत नाहीत.

बऱ्याच जणांना ठाऊक नसलेला एक हक्क: गेल्या ६ वर्षांत तुमची माहिती उपचार, बिल आणि अंतर्गत कामकाज सोडून कुणाकुणाला दिली त्याचा हिशेब मागता येतो. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. हिपा लागू असलेल्या संस्थेने निक्सला नोंद पाठवली असेल तर ती या हिशेबात दिसायला हवी. नोंद न्यायालयाने पाठवली असेल तर तिथे दिसणार नाही, तेव्हा न्यायालयाच्या कारकुनाकडून प्रकरणाची प्रत काढा.

कॉलेजच्या दवाखान्यात उपचार घेणाऱ्या मुलांच्या नोंदींना सहसा हिपा नव्हे तर शिक्षणविषयक गोपनीयतेचा वेगळा कायदा, फेरपा, लागू होतो. काकांच्या मुलीचा समुपदेशक त्याच कायद्याखाली होता.

आणि खरं सांगायचं तर बऱ्याच घरांत भीती एफबीआयची नसते, घरच्यांचीच असते. विम्याचा हिशेबाचा कागद पॉलिसीधारकाच्या पत्त्यावर जातो, आणि बापाने पाकीट उघडलं की मुलीची थेरपी कळते. कागद वेगळ्या पत्त्यावर किंवा ईमेलवर पाठवा अशी लेखी विनंती विमा कंपनीला करता येते. एखाद्या भेटीचे पूर्ण पैसे स्वतः भरले तर ती विमा कंपनीला कळवू नका असंही सांगता येतं, आणि ते डॉक्टरांना पाळावं लागतं.

आपली माहिती नियम मोडून कुणाला दिली गेली असं वाटलं, तर आरोग्य खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे १८० दिवसांत तक्रार करा. ऑनलाइन होते, वकील लागत नाही.

पाचवी पायरी: दुकानात "नाही" आलं तर

दुकानदाराशी वाद घालू नका, त्याला काहीच ठाऊक नसतं. त्याच्याकडून व्यवहार क्रमांक लिहून घ्या आणि तपासणी एफबीआयने केली की राज्याने, ते विचारा. टेक्सासमध्ये एफबीआय करतं, कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, इलिनॉय, पेनसिल्व्हेनिया इथे राज्य करतं, आणि सप्टेंबर २०२३पासून न्यूयॉर्कही स्वतः करतं. ज्यांनी नकार दिला त्यांच्याकडेच कारण मागायचं. एफबीआयकडे मागितलं तर ५ कामकाजाच्या दिवसांत कारण कळवायचा नियम आहे. मग बोटांचे ठसे आणि कागद जोडून आव्हान द्यायचं, त्यावर ६० दिवसांत निर्णय व्हायला हवा.

नकार कधीकधी दुसऱ्याच माणसामुळे येतो. पाटील, जोशी, कुलकर्णी यांत पहिलं नावही सारखं निघालं की गफलत होते, आणि पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं, लायसन्सवर नाहीच, असं असलं की ती वाढते. ठसे यासाठीच. असं वारंवार होत असेल तर एफबीआयकडे स्वेच्छेने स्वतःची फाइल ठेवता येते. मग एक कायमचा क्रमांक मिळतो, तो पुढच्या फॉर्मवर लिहायचा.

"थांबा" आलं तर तो नकार नव्हे. केंद्रीय नियमाने ३ कामकाजाचे दिवस उलटल्यावर दुकानदार बंदूक देऊ शकतो, पण राज्याचा नियम वेगळा असू शकतो. २१ वर्षांखालच्यांसाठी जून २०२२च्या कायद्याने जास्तीची तपासणी आणली. त्यांच्या राज्याकडच्या मानसिक आरोग्याच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाकडेही विचारणा होते, आणि ती १० कामकाजाच्या दिवसांपर्यंत लांबू शकते.

नोंद खरी असेल पण माणूस आता बरा असेल, तर आव्हान देऊन उपयोग नाही. तिथे हक्क परत मिळवण्याचा अर्ज करावा लागतो. २००८च्या कायद्यानंतर अनेक राज्यांनी तशी सोय केली. न्यू जर्सीत न्यायालयाकडून जुनी नोंद पुसून घेता येते. अशा अर्जाला सध्याच्या डॉक्टरांचं पत्र, उपचार नियमित चालू असल्याचा पुरावा आणि घरच्यांची किंवा सहकाऱ्यांची निवेदनं लागतात. इथे चांगला वकील करा, हे घरबसल्या करायचं काम नाही.

घरात आधीच बंदूक असेल तर

इथवर यादीबद्दलच बोलले, पण यादी फक्त नव्या खरेदीला अडवते, कपाटातल्या पिस्तुलाला अडवत नाही. २०२१मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं गेली, त्यांतल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. निम्म्याहून जास्त. म्हणून घरातलं कुणी खचलेलं असेल, तर त्याचं नाव यादीत जाईल का ही चिंता दुसऱ्या क्रमांकाची. बंदूक घराबाहेर काढा, निदान काही महिने. बरीच दुकानं आणि पोलीस ठाणी ती तात्पुरती ठेवून घेतात. पण राज्याचा हस्तांतराचा नियम आधी विचारा, मित्राच्या घरी नुसती नेऊन ठेवणंही काही राज्यांत चालत नाही. ज्याच्यावर बंदी आहे असं माणूस घरात राहत असेल, तर दुसऱ्याच्या नावावरची बंदूकही त्याच्या हाताला लागणार नाही अशी कुलूपबंद ठेवावी लागते.

माणूस ऐकतच नसेल तर अनेक राज्यांत घरचे लोक न्यायालयात जाऊन बंदूक काढून घेण्याचा तात्पुरता आदेश मागू शकतात. कॅलिफोर्नियात ही सोय २०१६पासून आहे, न्यू जर्सीत १ सप्टेंबर २०१९पासून. तो दिवाणी आदेश असतो, त्याला कुठलंही निदान लागत नाही, आणि त्यासाठी कुणाची आरोग्य फाइल उघडावी लागत नाही.

९८८ हा आत्महत्येचे विचार किंवा मानसिक संकट असताना मदतीसाठीचा क्रमांक अमेरिकेत कुठल्याही फोनवरून लागतो, दिवसरात्र, फुकट, आणि दुभाषी मागता येतो. काकांना मी तो नंबर त्या रात्री लिहून घ्यायला लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊची अपॉइंटमेंट त्यांनी रद्द केली नाही.